लग्नाच्या आधीं धर्मगुरूंच्या दारीं

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत विवाहेच्छु तरुण-तरुणी व त्यांचे पालक यांच्यापुढें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या या आठवड्यांत आपल्या देवळाविषयीं पुष्कळ गौरवाचे शब्द बोलले गेले. घंटेविषयीं, वेदीविषयीं, आणि हें देऊळ उभें करण्यासाठीं झिजलेल्या आपल्या पूर्वजांविषयीं बोलणें झालें. समितीनें मला दिलेला विषय जरा घरगुती आहे. लग्न ठरल्यावर वधूवरांनीं धर्मगुरूंबरोबर बसून आपल्या विवाहविधीची तयारी कशी करावी, हें मी सांगावें अशी आज्ञा झाली आहे. मी पंडित नाहीं. शाळामास्तरकींत आयुष्य गेलें, आणि विवाहपूर्व वर्गांत फादरांना हातभार लावण्याचें काम कांहीं वर्षें केलें, इतकेंच. परंतु या विषयावर बोलण्याचा माझा खरा अधिकार निराळाच आहे. माझ्या स्वतःच्या लग्नांत मी ही तयारी केली नाहीं, आणि त्याची रुखरुख मला पुढें फार दिवस लागून राहिली.

माझें लग्न १९७९ सालीं झालें. मांडव कोणाकडून घालावा, जेवणाला किती पाट मांडावे, उंबराचें पाणी आणावयास कोणत्या विहिरीवर जावें, रुसलेल्या आतेला कोणीं बोलवावें, या सर्व गोष्टींचा खल आमच्या ओटीवर रात्री जागवून झाला. बँडवाल्याशीं तर मी स्वतः पाऊण तास घासाघीस केली. फादरांनीं मला दोनदां बोलावलें. पहिल्या वेळीं मी कागदपत्रें त्यांच्या हातीं दिलीं आणि सायकलवर बसून परतलों. दुसऱ्या वेळीं त्यांनीं विचारलें, "शुभवर्तमानांतील कोणतें वाचन घ्यावें असें तुम्हां दोघांना वाटतें?" मी म्हणालों, "फादर, तें तुम्हींच ठरवा." असें बोलून मी मोकळा झालों. फादर कांहींसे थांबले, परंतु रागावले नाहींत. त्यांच्या त्या थांबण्याचा अर्थ मला पुढें अकरा वर्षांनीं कळला.

अकराव्या वर्षीं माझी पत्नी फार आजारी पडली. इस्पितळाच्या बाकावर रात्र काढतांना मला एकाएकीं प्रश्न पडला: देवासमक्ष मी हिला नेमकें काय वचन दिलें होतें? मी आठवूं लागलों. कोटाची कॉलर गळ्याला काचत होती, तें आठवलें. बाहेर बँडवाला सूर लावून पाहत होता, तें आठवलें. वचन मात्र शब्दशः आठवेना. फादरांनीं तुकडे तुकडे करून सांगितलेले शब्द मी तुकडे तुकडे करून म्हटले होते, आणि ते त्याच पावलीं निघून गेले होते. पहांटे तिला जरा बरें वाटलें, तेव्हां मी तिला ही गोष्ट लाजत सांगितली. ती हंसली, आणि तिनें संबंध वचन मला हळू आवाजांत म्हणून दाखविलें. लग्नापूर्वीं तिनें तें आपल्या वहींत उतरून घेतलें होतें व रोज रात्रीं जपमाळेनंतर वाचलें होतें. त्या पहांटे माझें लग्न जणूं दुसऱ्यांदा लागलें. परमेश्वरानें तिला बरें केलें. ती आज या सभेंत पुढल्या रांगेंतच बसली आहे. म्हणून जपून बोलतों!

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं या. लग्न लावतो कोण? आपण सहज म्हणतों कीं, "अमुक फादरांनीं आमचें लग्न लावलें." आपल्या लॅटिन परंपरेची शिकवण अशी आहे कीं, हा संस्कार वधूवरें एकमेकांस देतात. धर्मगुरू त्यांना प्रश्न विचारतात, त्यांचा होकार ख्रिस्तसभेच्या नांवानें स्वीकारतात आणि आशीर्वाद देतात. १९८३ सालच्या धर्मसंहितेंतही हेंच सांगितलें आहे कीं, विवाह होतो तो उभयतांच्या संमतीनें. आणि ती संमति दुसरें कोणीही मनुष्य त्यांच्या वतीनें पुरी करूं शकत नाहीं. बापाच्या होकारानें ती पुरी होत नाहीं, मामाच्याही नाहीं. यावरून विधीची तयारी ही मुळांत कोणाची, तें उघड होतें.

मग धर्मगुरू हवेतच कशाला, असें कोणी विचारील. याचें उत्तर इतिहासांत आहे. पूर्वीं युरोपांत चोरून लग्नें होत. एखादा पुरुष एकीला एकांतांत वचन देई, मग तिला टाकून दुसरीशीं उघडपणें लग्न करी. पहिलीपाशीं साक्षीदार नसल्यामुळें तिची दाद लागत नसे. १२१५ सालीं चौथ्या लॅटरन परिषदेनें लग्नाची आगाऊ पुकार देवळांत व्हावी असा सर्वत्र नियम केला. १५६३ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें असें ठरविलें कीं, धर्मग्रामाच्या धर्मगुरूंसमोर आणि निदान दोन साक्षीदारांसमोर वचन दिल्यावांचून विवाह ग्राह्य नव्हे. रजिस्टर, पुकार आणि साक्षीदार यांचा आपणांस कधीं कधीं कंटाळा येतो. परंतु या सर्व गोष्टी टाकलेल्या स्त्रीच्या अश्रूंतून निर्माण झाल्या आहेत, हें ध्यानांत असूं द्यावें.

आतां तयारीचा क्रम सांगतों. पहिली गोष्ट, धर्मगुरूंकडे लवकर जा. हॉलची तारीख पक्की करून, आमंत्रणें छापून, मग फादरांच्या दारीं जाणें हा उलटा कारभार होय. निदान तीन महिने आधीं, आणि बनल्यास त्याहूनही आधीं, दोघांनीं मिळून जावें. लग्नासाठीं म्हणून नव्यानें काढलेला स्नानसंस्काराचा दाखला, दृढीकरणाचा दाखला आणि धर्मग्रामाचें अविवाहित असल्याचें प्रमाणपत्र लागतें. दोघांपैकीं एकाचा धर्म किंवा पंथ निराळा असेल, तर बिशपांची परवानगी वा सूट मिळवावी लागते, आणि तिला वेळ लागतो. स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशीं विवाह होत असेल, तर मिस्सेवांचून करावयाचा स्वतंत्र विधि ठरलेला आहे. आपला जोडीदार कोण आहे हें फादरांपासून शेवटल्या आठवड्यापर्यंत लपवूं नये; तसें केल्यानें ज्या घरीं मुलगी जाणार, त्या घराचाही अपमान होतो.

तारखेविषयीं एक सूचना. उपवासकाळांत लग्नें शक्यतों टाळतात, आणि शुभ शुक्रवारीं व पवित्र शनिवारीं तर तीं होतच नाहींत. आगमनकाळाच्या, उपवासकाळाच्या व पुनरुत्थानकाळाच्या रविवारीं, तसेंच मोठ्या सणांना, लग्नाच्या मिस्सेऐवजीं त्या दिवसाचीच मिस्सा होते. हें आधीं माहीत असलें म्हणजे मागाहून हिरमोड होत नाहीं.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फादर वधूला आणि वराला निरनिराळें बोलावून प्रश्न विचारतात. पुष्कळ घरीं ही एक कचेरींतली औपचारिक गोष्ट समजतात. "सगळ्याला हो म्हण, आणि सही करून ये," असें मुलीला बजावून पाठवितात. माझ्या दूरच्या नात्यांतील एका मुलीची हकीकत सांगतों. तिचें नांव न घेतां सांगावयास तिनेंच मला परवानगी दिली आहे. मांडवाचे खांब रोवून झाले होते. दुसऱ्या एका धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीं तिला एकटीला बसवून विचारलें, "बाळ, हें लग्न तुला मनापासून हवें आहे का?" ती बोलेना. त्यांनीं पुन्हां विचारलें नाहीं. रजिस्टर मिटलें, तिच्यापुढें चहाचा पेला ठेविला आणि ते गप्प बसून राहिले. कांहीं वेळानें ती रडूं लागली व म्हणाली, "नाहीं, फादर. पण बाबांनीं शब्द दिला आहे." तें लग्न थांबलें. गांवांत बोलबाला झाला. मुलीच्या बापानें वर्षभर त्या फादरांशीं भाषण केलें नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच देवळांत तिनें आपल्या पसंतीनें लग्न केलें, आणि त्या वेळीं तिचे वडील तिच्याबरोबर वेदीपर्यंत चालत गेले. मला त्यांनीं एवढेंच सांगितलें, "मास्तर, त्या दिवशीं फादरांनीं माझी अब्रू घेतली असें मला वाटलें होतें. खरें म्हणजे त्यांनीं माझी मुलगी मला परत दिली."

धाकानें वदविलेला होकार हा होकारच नव्हे, आणि तशा होकारावर उभा राहिलेला विवाह धर्मसंहितेप्रमाणें ग्राह्य ठरत नाहीं. म्हणून पालकांनो, त्या खोलीच्या दाराशीं घुटमळूं नका. मुलींनो, आणि मुलांनोही, त्या खोलींत खरें बोला. तेथें "नाहीं" म्हणण्याची मोकळीक आहे, म्हणूनच वेदीपुढील "हो" ला मोल आहे.

तिसरी गोष्ट वाचनांची. विवाहविधीच्या ग्रंथांत जुन्या करारांतून, पत्रांतून आणि शुभवर्तमानांतून वाचनांची मोठी यादी दिली आहे. तींतून निवड करण्याची मोकळीक वधूवरांना असते. उत्पत्तीच्या पुस्तकांतील आदामाची व हव्वेची कथा, तोबिया व सारा यांची लग्नरात्रीची प्रार्थना, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांतील प्रीतीचा अध्याय, काना गांवचें लग्न, खडकावर बांधलेलें घर, अशीं हीं वाचनें आहेत. ग्रंथाची अट इतकीच कीं, निदान एक वाचन स्पष्टपणें विवाहाविषयींचें असावें. दोघांनीं एका संध्याकाळीं बसून हीं सर्व वाचनें मोठ्यानें वाचावीं, आणि आपल्या संसाराला कोणतें लागूं पडतें, तें ठरवावें.

माझ्या पुतणीच्या लग्नाच्या वेळीं मी हें प्रत्यक्ष पाहिलें. रूथच्या पुस्तकांतील तें प्रसिद्ध वचन आपल्या लग्नांत असावें, अशी तिची फार इच्छा होती: तूं जाशील तेथें मी येईन, या अर्थाचें. फादर म्हणाले, "हें वचन रूथनें कोणाला दिलें, ठाऊक आहे का?" पुतणी म्हणाली, "नवऱ्याला." फादरांनीं पुस्तक उघडून तिच्या हातीं दिलें. तें वचन रूथनें आपल्या सासूला दिलेलें आहे. नवरा तर आधींच निवर्तला होता! शेजारीं बसलेली तिची भावी सासू हें ऐकून गहिंवरली. लग्नाच्या यादींत तें वाचन नाहीं, म्हणून मिस्सेंत घेतां आलें नाहीं. पण आदल्या संध्याकाळीं मांडवांत, घरच्या प्रार्थनेच्या वेळीं, पुतणीनें तें सासूकडे तोंड करून वाचलें. मिस्सेसाठीं दोघांनीं खडकावरील घराचें शुभवर्तमान निवडलें, कारण नवऱ्या मुलाच्या वडिलांनीं केळीची व फुलांची वाडी करून, एकेक खोली वाढवीत, बारा वर्षांत घर पुरें केलें होतें. प्रवचनांत फादर त्या घराविषयीं बोलले, तेव्हां म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. याला मी "आपलें" लग्न म्हणतों. त्यांत पैशाचें काम नव्हतें. फादरांबरोबर दोनतीन संध्याकाळ बसण्याचें काम होतें.

चौथी गोष्ट, आपलें काय आणि ख्रिस्तसभेचें काय, हें फादरांकडून समजून घ्या. १९६३ सालच्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयीं जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यांत लोकांच्या चांगल्या रूढी राखाव्या असें म्हटलें आहे. देशोदेशींच्या बिशपांना आपल्या लोकांना साजेसा विवाहविधि रचण्याचीही मुभा तेथें दिली आहे. परंतु एक अट घातली आहे. विधि कसाही असो, धर्मगुरूंनीं उभयतांची संमति विचारलीच पाहिजे आणि ती स्वीकारलीच पाहिजे. बाकी सर्व बदलूं शकतें. तें विचारणें बदलत नाहीं. त्याच दस्तऐवजांत आणखी एक सुधारणा आहे. पूर्वीं विवाहाच्या मिस्सेंतील मोठा आशीर्वाद मुख्यतः वधूसाठीं असे. पातिव्रत्याची प्रार्थना तिच्यासाठीं होई, आणि नवरदेव जणूं सुटत असे! परिषदेनें सांगितलें कीं, एकमेकांशीं एकनिष्ठ राहण्याचें बंधन दोघांवर सारखेंच आहे, हें त्या प्रार्थनेंत दिसलें पाहिजे. १९६९ सालच्या नव्या विधींत तसा बदल झाला.

त्याच १९६९ सालीं, २५ एप्रिल रोजीं, भारतासाठीं उपासनेंतील बारा गोष्टींना रोमहून मान्यता मिळाली. हात जोडून नमन करणें आणि आरती ओवाळणें यांचा त्यांत समावेश आहे. कांहीं ठिकाणीं आंगठ्यांबरोबर मंगळसूत्रालाही आशीर्वाद देतात. आपल्याकडे काय चालतें, तें फादरांना विचारावें. एकच मेणबत्ती दोघांनीं मिळून पेटविण्याचा प्रकार हल्लीं दिसतो. तो रोमन विधीच्या पुस्तकांतला नाहीं, म्हणून तो कोठें व कसा करावा, हेंही त्यांनाच विचारावें. चित्रपटांतील गाणें कितीही गोड असलें तरी त्याची जागा मांडवांत आहे, वेदीपाशीं नाहीं. आपल्या आजींनीं घरच्या बोलींत म्हटलेलीं लग्नगीतें मांडवांत म्हणा. त्यांना कोणीही मनाई केलेली नाहीं, आणि आपण म्हटलीं नाहींत तर तीं कायमचीं बुडतील.

कित्येक तरुण विचारतात, "वचनाचे शब्द आम्हीं आमचे लिहिले तर काय बिघडलें?" शिकलेलीं मुलें आहेत, प्रश्न मनापासूनचा आहे. मी त्यांना म्हणतों, बाबांनो, तुमच्या मनचे शब्द चांगलेच असतील. ते पत्रांत लिहा, एकमेकांना रोज सांगा. परंतु वेदीपाशीं जे शब्द तुम्हीं बोलतां, त्याच अर्थाचे शब्द तुमच्या आईबापांनीं बोलले आहेत आणि त्यांवर दुष्काळांत, आजारांत, बेकारींत संसार तारून नेले आहेत. आपले शब्द आपल्या उमेदीइतकेच मोठे असतात; उमेद खचली म्हणजे ते अपुरे पडतात. ख्रिस्तसभेचे शब्द आपल्याहून मोठे आहेत, म्हणून पडतां ते आपल्याला धरून ठेवतात. इस्पितळाच्या बाकावर मला हें कळलें. शब्द बदलूं नका, पाठ करा. फादरांच्या मागोमाग तुकडे म्हणण्याऐवजीं, एकमेकांच्या डोळ्यांत पाहून ते संबंध म्हणतां आले, तर विधीला निराळेंच तेज चढतें.

विश्वासू जनांच्या प्रार्थना मात्र फादरांच्या संमतीनें तुम्हांला लिहितां येतात. त्या मराठींत, साध्या शब्दांत लिहा. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. एका इंग्रज धर्मगुरूनें आपल्या पूर्वजांसाठीं मराठी ओवी आत्मसात केली, आणि आपण आपल्या लग्नांत मराठीला लाजावें, हें शोभत नाहीं. त्या प्रार्थनेंत निवर्तलेल्या आजीची आठवण असूं द्या, मांडव घालणाऱ्या मजुरांची असूं द्या, आणि ज्या घरीं अजून मुलीचें लग्न पैशाअभावीं अडलें आहे, त्या घराचीही असूं द्या.

शेवटची गोष्ट खर्चाची. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ सालच्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रांत वधूवरांना सांगितलें आहे कीं, मेजवानी, पोशाख व थाटमाट यांच्या तयारींत पैसा आणि शक्ति खर्चून तुम्हीं वेदीपाशीं थकून पोंचतां. वेगळें वागण्याचें धैर्य धरा. आपल्या वसईंत या उपदेशाची किती गरज आहे, तें मी सांगावयास नको. एका रात्रीच्या जेवणासाठीं वाडीचा तुकडा विकल्याचीं उदाहरणें आपणां सर्वांना ठाऊक आहेत. फादरांपाशीं बसलां म्हणजे याविषयींही मोकळेपणानें बोला. ज्या लग्नाचा मुख्य भाग देवळांत चांगला झाला, त्याला मागाहून थाटाची उणीव भासत नाहीं.

काना गांवच्या लग्नांत द्राक्षरस संपला, तेव्हां यजमानांना कळण्याआधीं पवित्र मरियेला कळलें. तिनें सेवकांना सांगितलें कीं, तो जें सांगेल तें करा. त्यांनीं सहा दगडी रांजण पाण्यानें कांठोकांठ भरले. चमत्कार प्रभूचा, पाणी भरण्याचें काम माणसांचें. विवाहाची तयारी म्हणजे हे रांजण भरणें होय. अर्धे भरले तर अर्धाच द्राक्षरस मिळेल, असें मी म्हणत नाहीं. देव उदार आहे. परंतु माझा रांजण मी अर्धाच भरला होता, आणि माझ्या वांटणीचें पाणी माझ्या पत्नीनें एकटीनें वाहिलें, हें मला आज सर्वांसमक्ष कबूल करावयाचें होतें.

तरुणांनो, लवकर जा, दोघें मिळून जा, खरें बोला. पालकांनो, मुलांना फादरांपाशीं मोकळेपणानें बसूं द्या. आणि वंदनीय फादर, कोणी माझ्यासारखा सायकलवर बसून पळूं लागला, तर कृपा करून त्याला हांक मारा. या वेदीपुढें ज्यांनीं आजवर वचनें दिलीं आणि जे पुढें देतील, त्या सर्वांच्या घरीं काना गांवचा प्रभु पाहुणा म्हणून येवो, हीच प्रार्थना. आमेन.